हळदीचं गाणं आणि कंपनीची ताटं

"भावोजी, वसईपासून डहाणूपर्यंत माजं गानं वाजतंय, आनि कागदावर शून्य कसं?"

जगन माझ्यापुढे रॉयल्टीचं स्टेटमेंट नाचवत होता. जगन म्हणजे वसईकडच्या चांदीप गावात भातशेती करणारा आणि हळदीत गाणारा माझा मेहुणा. त्याचं गाणं घेणाऱ्या म्युझिक कंपनीत रॉयल्टीचा हिशेब मीच करतो. करारावर त्याने सही केली तेव्हा शेजारी बसून मी पेढा खात होतो.

सोपं करून सांगतो. गाण्याच्या कमाईतले शंभरात ऐंशी कंपनीचे, वीस गायकाचे. पण व्हिडिओचा खर्च आधी वसूल होतो, तोही गायकाच्या विसांतून. तो फिटेपर्यंत गायकाला काही नाही. आमच्या ऑफिसात याला 'रिकूप' म्हणतात. घरी याला काय म्हणतात, ते बायकोने मला ऐकवलं आहे.

"ढोलकीवाल्याला, कीबोर्डवाल्याला पैल्या रॉयल्टीचा शब्द दिलाय," जगन म्हणाला. "हळदी तोंडावर आल्यात. नाय दिले तर दोघंबी दुसऱ्याकडं जातील."

मी फाइल काढली. कॅमेरा, लाइट, आणि सगळ्यांत मोठा आकडा जेवणाचा. हळद शूटिंगपुरती होती, पण जगनने गावजेवण खरंखुरं घातलं होतं.

"अरे, ती खोटी हळद होती!"

"मांडवात आलेला मानूस उपाशी धाडू? तुमी तर दोनदा वाढून घेतलंत!"

घेतलं होतं. मटण झालंच होतं तसं. पण त्यावरूनच मला करारातली एक ओळ आठवली: कंपनीच्या माणसांचा खर्च कंपनीकडे. मी साहेबांकडे गेलो.

"सर, त्या जेवणात आपलं ऑफिस किती होतं?"

"मला काय माहीत?"

"तुम्ही सहकुटुंब होतात. डबाही नेलात."

साहेबांनी चष्मा पुसला. "यादी कर. माझं नाव जरा खाली टाक."

ऑफिसच्या ग्रुपवरचे पंगतीचे फोटो लावून मी ताटं मोजली. निम्म्याहून जास्त आमचीच निघाली. तेवढा खर्च कंपनीकडे गेला आणि जगनच्या कागदावर रक्कम उमटली. ढोलकी आणि कीबोर्ड, दोघांचे भागले. जगनला उरलं फक्त स्टेटमेंट.

दुसऱ्या गाण्याच्या शूटिंगला तो मांडवाच्या दारातच वही घेऊन उभा होता.

"भावोजी, घरचे का कंपनीचे?"

घरचा म्हणालो असतो, तर माझं मटण त्याच्या विसांतून गेलं असतं. सासरच्या मांडवात आयुष्यात पहिल्यांदा मी 'कंपनी' लिहून सही केली आणि एकदाच वाढून घेतलं.