लेन्ससाठी लावलेला पंखा

मी लेझर मार्किंगची मशीनं दुरुस्त करतो. घर धुळ्याला देवपुरात, पण अर्धा आठवडा जातो जळगावच्या एमआयडीसीत. पाइपावर, नळावर तारीख आणि माप उमटवणारी ही मशीनं. बिघडली की मालक एकच सांगतो, कॉम्प्युटर गेला. जाऊन बघावं तर लेन्स मळलेली. 'आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला,' अशी मी मालकांची थट्टा करायचो. आता ती म्हण माझ्या तोंडातून निघत नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, जळगावातच पिंप्राळ्यात राहते. भाऊजी धान्याच्या गोदामात पोती वाहायचे. त्यांची कंबर धरली तेव्हा अक्कानं मला गळ घातली, यांना बसून करायचं काम बघ. तेव्हा माझी थोडी वट होती. पीव्हीसी पाइपांचे एल्बो बनवणारा एक लहानसा कारखाना होता, तिथलं मशीन मीच बसवलेलं. भाऊजींना त्यावर लावून दिलं. बसायला स्टूल, पायाखाली बटण, काम हलकं. अक्कानं त्या रविवारी मला खापरावरची पुरणपोळी करून घातली, आणि मीही मोठा उपकारकर्ता असल्यासारखा जेवलो.

चार महिन्यांनी शेठचा फोन आला, अक्षर पुसट उमटतंय. मशीन उघडलं. लेन्सवर पांढरट थर, स्क्रू गंजून इतके घट्ट बसलेले की पकडीनं काढावे लागले. लेझर अक्षर उमटवतो ते प्लास्टिक जाळूनच; पीव्हीसी जळलं की नाकाला झोंबणारा वायू निघतो आणि दमट हवेत त्याचं ॲसिड होतं. हे मला ठाऊक होतं. धूर ओढून छपराबाहेर टाकणारं यंत्र बसवा, असं मी शेठना सांगितलंही. ते म्हणाले, पुढच्या सीझनला बघू, तोवर लेन्स वाचेल असं काहीतरी करा.

मी केलं. लेन्सच्या खालून आडवा वारा मारणारा एक छोटा पंखा आणला. खिडकी मशीनच्या मागच्या भिंतीत होती. पंखा पुढे, स्टुलाशेजारी लावला असता तर धूर सरळ खिडकीबाहेर गेला असता. पण प्लगचा बोर्डही मागच्याच भिंतीला, आणि पंख्याची वायर हातभर. ती वाढवत बसलो असतो तर साडेपाचची धुळ्याची बस चुकली असती. मी पंखा मागे लावला. लेन्सवरचा धूर पुढे स्टुलाकडे जाऊ लागला.

भाऊजी म्हणाले, "हाऊ वारा मना तोंडवर येस रे भाऊ."

उन्हाळा तोंडावर आलाय, फुकटचा कूलर मिळाला समजा, असं मी म्हणालो. शेठ हसले. भाऊजीही हसले. मेहुण्यानं लावून दिलेल्या नोकरीत माणूस दुसरं काय करणार?

लेन्स वर्षभर टिकली. दर तीन महिन्यांनी मी जायचो, बोट लागू न देता मऊ कागदानं ती पुसायचो, गंजलेले स्क्रू बदलायचो. शेजारी भाऊजी खोकत असायचे. धुळीचा असेल, असं म्हणून मी त्यांच्या हातावर खोकल्याची गोळी ठेवायचो. गंज बघून मशीनची तब्येत सांगणारा मी, आणि त्या लेन्सपासून हातभर अंतरावर बसलेला माणूस मला दिसला नाही. खरं सांगायचं तर दिसला होता, मीच बघितलं नाही.

पुढे भाऊजींना जिना चढवेना. डॉक्टरांनी विचारलं, विडी? तंबाखू? कधीच नाही. मग काम काय करता? भाऊजींना धाप लागलेली, म्हणून अक्काच बोलली, "बठीसन काम शे त्यासनं, पंखाखाले. मना भाऊनीच लाई दिधं."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर पुढचं लिहायला घेतलं. धुराचं सांगायला मी तोंड उघडलं होतं. अक्का माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन वायर वाढवली, पंखा पुढे घेतला, धूर खिडकीकडे वळवला. वीस मिनिटं लागली. स्टुलावर आता दुसरा कामगार होता. का फिरवला, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

भाऊजी आता ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. फुप्फुसं परत सुधारणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्या मशीनची जाळी दर रविवारी मीच धुतो. माझ्याशिवाय कुणाला अक्का हात लावू देत नाही. माझ्या भावाच्या हाताला गुण आहे, असं ती शेजारणींना सांगते. तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

गेल्या रविवारी ऊन मी म्हणत होतं. खाटेसमोर टेबलफॅन सुरू होता. भाऊजींनी नाकातली नळी सावरली आणि मला हाक मारली.

"वारा मना तोंडवर येस रे भाऊ."

मी उठलो आणि पंखा भिंतीकडे वळवला. तेवढ्यात अक्का आतून आली. एवढ्या उन्हात आजारी माणसाचा वारा कुणी काढून घेतं का, म्हणून मला रागावली. तिनं पंखा पुन्हा त्यांच्या तोंडाकडे केला आणि पदरानं त्यांचा घाम टिपला. का वळवला, हे सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. मी जाळी घेतली आणि धुवायला नळावर गेलो.