जयाताईंचं आभारप्रदर्शन

बाभुळगावात कार्यक्रम म्हटला की माइक जयाताई मानवरांच्याच हातात. जयंती असो, लग्न असो, कुणाच्या सेवानिवृत्तीचा सत्कार असो, त्यांनी "आजच्या या मंगलमय प्रसंगी" म्हटलं की गप्पा मारणारे पाहुणेही गप्प होत. घरी अस्सल वऱ्हाडी, माइकवर मात्र इस्त्री केलेली मराठी. लेक सासरी गेल्यावर बाईंनी बी.ए.ला नाव घातलं आणि शेवटच्या वर्षी बचत गटांवर प्रकल्प लिहिला.

प्रकल्प तपासणाऱ्या संजय सरांनी त्यांना कॉलेजात बोलावून घेतलं. लॅपटॉपवर एआयचं लिखाण ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची लाल पट्टी झळकत होती.

"जयाताई, हे एआयनं लिहिलंय. ब्याण्णव टक्के. प्रकल्प बाद झाला तर तुमचं वर्ष गेलं."

बाई आधी दचकल्या, आणि पाठोपाठ त्यांना हसूच आलं.

"मी मशीन? मंग बाकीचे आठ टक्के कोन सर, मायी सासू?"

"हसू नका. भाषा किती गुळगुळीत आहे! माणूस असं लिहीत नाही."

"तुमच्या बहिणीच्या लग्नात माइकवर मी असंच बोलली. तवा तर तुमी डोळे पुसत होते!"

सर गडबडले. खात्री करायला त्यांनी तोच मजकूर पुन्हा टाकला. पट्टी हिरवी झाली: बहुधा मानवी. आणखी एकदा टाकला, तर पुन्हा लाल.

"आता काय, मी एक दिवसाआड मानूस?"

"अहो, मी ठरवू तरी कसं?" सर रडकुंडीला आले.

"तुमी पुरा वाचला काय सर?"

सरांनी टेबलावरची प्रकल्पाची छापील प्रत ओढली, पानं उलटत शेवटाशी आले, थबकले आणि मोठ्यानं वाचू लागले, "अखेरीस मंडप-डेकोरेशन, साउंड सिस्टीमचे मारोतीभाऊ आणि रुचकर भोजन बनवणारी आचारी मंडळी, सर्वांचे मनःपूर्वक आभार. जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये."

"अ माय वो!" जयाताईंनी कपाळावर हात मारला. माइकच्या सवयीनं प्रकल्पातही आभार लिहून गेल्या होत्या.

सर इतके हसले की शिपाई दारात येऊन उभा राहिला. "मशीन कायले मंडपवाल्याचे आभार मानते, ताई! प्रकल्प मंजूर." आणि लॅपटॉप मिटून ते पहिल्या पानापासून वाचायला बसले.

जयाताई समोरच बसून राहिल्या. आजवर सगळ्या गावानं त्यांना ऐकलं होतं. त्यांचं लिहिलेलं कुणी वाचतंय, हे मात्र पहिल्यांदाच घडत होतं. पास झाल्याच्या आनंदापेक्षा हा आनंद मोठा होता, बाईंना तो आवरेना. तिसऱ्या पानावर सर स्वतःशीच हसले, तशा त्या पुढे सरकल्या.

"मनातल्या मनात काय वाचून राह्यले सर? मोठ्यानं वाचा ना!"