टपाखालची कोरडी जागा

आमच्या ह्यांनी साखर कारखान्यात आयुष्यभर फिटर म्हणून काम केलं. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपल्याला दुरुस्त करता येते, असा त्यांचा पक्का समज आहे. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली. सीटा काढल्या, आत पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात कमोड बसवला आणि पारगावच्या आमच्या अंगणात ती उभी केली. "आता घर आपल्या संगं फिरणार," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. घर संगं फिरत होतं हे खरं, पण पाऊस आला की ते गळतही होतं.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना घेऊन मढला पाहुण्यांकडे गेलो होतो. वाटेत सर आली आणि टपातून जी धार लागली ती नेमकी सासूबाईंच्या पलंगावर. त्या उशी घेऊन भिंतीकडे सरकल्या. घरी आल्यावर तापाने फणफणल्या आणि खोकला दिवाळीपर्यंत गेला नाही. तेव्हाच ह्यांनी जाहीर करून टाकलं, की आईला पावसात गाडीतून कुठं न्यायचं नाही.

आणि यंदा सासूबाईंनी धरलं ते नेमकं पावसाचंच. त्यांचं माहेर घाटघर. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे कमोडवाचून, म्हणजे गाडीवाचून, कुठं मुक्काम करता येत नाही. उन्हाळ्यात आम्ही त्यांना नेतो, चहा पितो आणि दिवस मावळायच्या आत परत येतो.

"मला पावसात माह्यारी जायचंय," त्या म्हणाल्या. "मुक्कामाला."

"दिवाळी झाल्यावर जाऊ की," हे म्हणाले. "निवांत चार दिस ऱ्हा."

"न्हाई. पावसातच."

"अगं, त्या धुक्यात आपलाच हात दिसत न्हाई. काय ठेवलंय तिथं?"

"काय ठेवलंय ते माझं मला ठावं."

माय-लेक दोघंही हट्टी. दोन दिवस घरात नुसती भांडी बोलत होती. शेवटी मीच तोड काढली: टप कोरडा झाला तर जायचं, नाही तर विषय बंद. सासूबाईंनी मान हलवली आणि त्या दिवसापासून गाडीच्या टपाकडे अशा बघायला लागल्या, जसं काही तिथं त्यांचा निकाल लागणार होता.

ऐन उन्हाळ्यात काम काढलं. टपावर चढणार कोण? हे चढले असते तर टपच खाली आला असता, म्हणून मी पदर खोचला. हे कधीच वर गेलेले नव्हते. दरवर्षी मागच्या शिडीवर उभं राहून, काठीला ब्रश बांधून, हवेसाठी असलेल्या झाकणाभोवती डांबर फासायचे. वर्षावर वर्षं डांबराचे थर चढले होते. ऊन तापलं की ते पाघळायचं, म्हणून मी सकाळच्या गारव्यात खुरप्याने खरवडायला बसले. कांद्याच्या वाफ्यात इतकी वर्षं ओणवी राहिले, ती सवय कामाला आली.

"पत्रा वरबाडशील. हळू."

"या वर मग तुम्ही."

हे खाली पडलेलं डांबर गोळा करायला लागले.

डांबर निघालं, टप साबणाने धुतला, वाळवला, गंज घासून प्रायमर मारला. सगळ्या जोडांवर आणि झाकणाभोवती बंदुकीसारख्या पिचकारीने भेगा बुजवायचा नवा सीलंट भरला. तो सुकल्यावर ह्यांनी मोटर चालू केली आणि मी वरून पाइपने पाणी सोडलं. हे आत छताकडे बघत बसले. थोडा वेळ काही नाही. मग आतून फक्त एक शिवी ऐकू आली. थेंब पलंगावरच, गेल्या वर्षीच्याच जागी.

त्या दिवशी ह्यांनी चहासुद्धा घेतला नाही. "म्हातारी झाली गाडी," म्हणाले, "भंगारात घालू." शेवग्याखाली बाजेवर बसलेल्या सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला ह्यांचा रागच आला. माणसाने बोलताना आजूबाजूला बघावं तरी.

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता पुन्हा वर गेले. पुसायला घेतलेली बादली नेहमीप्रमाणे कडीला अडकवली, आणि कडी हलली. ती सरकली तसं बुडाखाली दडलेलं गंजाचं कडं दिसलं. मी तिथं तांब्याभर पाणी ओतलं आणि ह्यांना आत जाऊन बघायला सांगितलं.

"आलं पाणी!" आतून ओरडले.

आता ही कडी कसली ते सांगते. आमच्या गाडीचा टप म्हणजे गावातली सगळ्यात चांगली वाळवणाची जागा. कोंबडी नाही, शेळी नाही, पत्रा असा तापतो की कुरड्या दुपारपर्यंत खडखडीत. एकदा मात्र वाऱ्याने साडी कुरड्यांसकट उडाली आणि शेजाऱ्यांच्या म्हशीपुढे जाऊन पडली. तेव्हा पंखा दुरुस्त करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनकडून सासूबाईंनी टपाला चार कोपऱ्यांवर चार कड्या मारून घेतल्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी त्या कड्यांना साडीची टोकं बांधत आलेय. गळतीशी त्यांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ह्यांना वाटायचं, साडी खाली खिडकीच्या गजांना बांधतात.

हे बाहेर आले. "पत्र्याला भोकं पाडलीस, आई?"

"भोक कुठं हाय? भोकात कडी हाय की."

मला टपावर बसावं लागलं, इतकं हसू आलं. हे हसले नाहीत. मग सासूबाईंच्या लक्षात आलं. आवाज एकदम बारीक झाला. "मग माझ्यामुळंच गळतंय का रं? ऱ्हाऊ दे मग. नगं जायला."

ह्यांचा पारा तिथंच उतरला. शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. "आता कशाला ऱ्हाऊ दे? दुखणं सापडलं. कुरड्या काय तू एकटीनं खाल्ल्या व्हय? निम्म्या मीच खाल्ल्या."

चारही कड्या काढल्या. ह्यांनी पत्र्याचे छोटे तुकडे कापून दिले, मी ते रिवेट करून बसवले, भोवती सीलंट भरला, वर जाळीची पट्टी चिकटवली. मग सगळ्या टपाला रोलरने पांढऱ्या कोटिंगचे दोन हात दिले, पहिला पुरता वाळल्यावर दुसरा. पाण्याची परीक्षा पुन्हा झाली. हे आतून बाहेर आले तेव्हा डोक्यावरची टोपी काढून दाखवली. कोरडी होती.

भातलावणीच्या दिवसांत घाटघरला पोचलो. सासूबाईंचे भाऊ आता नाहीत. घरात त्यांची भावजय आणि तिचा मुलगा-सून. अंगणात गाडी लावली. पाऊस असा की काचेपलीकडे घर पुसट दिसत होतं. माकडांनी कौलं विस्कटलेली, घरात जागोजागी भांडी मांडलेली. दुपारी भावजय वावरातून आली, पंचाहत्तरीची बाई, केसांतून पाणी निथळत होतं. सासूबाईंनी तिला गाडीत बोलावलं, आपलं कोरडं लुगडं नेसायला दिलं आणि पलंगाकडे हात केला.

"पड हितं."

"अवं वन्सं, मी कशी? पावण्या तुमी."

"पड म्हन्ते ना."

ती संकोचाने आडवी झाली. छताकडे बघत म्हणाली, "लई आवाज येतोय, पण थेंब न्हाई." पुढचं काही सांगता सांगता तिचा डोळा लागला.

सासूबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या. ह्यांच्याकडे बोट करून मला हळूच म्हणाल्या, "ह्याच्या बाळंतपणाला मी हितं पावसातच आले व्हते. घरात एकच जागा कोरडी, चुलीमागची. ती मला दिली. ही नुकती लगीन करून आलेली, भिंतीला टेकून बसून रात काढायची. पुढंबी मी कवा पावसात आले की तसंच. कवा कुरकुरली न्हाई." त्यांनी भावजयीच्या पायांवर चादर सारखी केली. "उन्हाळ्यात येऊन हिला काय देनार? उन्हाळ्यात सगळीकडंच कोरडं असतं."

हे दाराशी उभे होते. त्यांनी वर टपाकडे पाहिलं, मग वाऱ्याने आपटू नये म्हणून दार हाताने धरून ठेवलं. मी चहा ठेवायला उठले, तशी सासूबाईंनी मला खूण करून बसवलं.

"शेगडी नगं पेटवू," म्हणाल्या. "निजू दे तिला."