कूलरची बादली

अनय, सई, तुमचे आजोबा कॉलेजात नेमकं काय करायचे, असं तुम्ही रविवारी फोनवर विचारलंत. आज कूलरला वाळ्याच्या नव्या पट्ट्या बसवल्या. त्यांचा ओला वास आला आणि एक दुपार आठवली, म्हणून लिहिते.

दुष्काळाचं वर्ष होतं. आजोबांनी शहरातल्या तीन कॉलेजांचे संगणक जोडणारा प्रोग्रॅम लिहिला होता. तो एका मोठ्या गणिताचे तुकडे करून सगळ्या यंत्रांना वाटून देई. गणित होतं, पैठणकडच्या कोणत्या गावाखाली अजून पाणी आहे याचं. यंत्रं तापू नयेत म्हणून कूलर लागे आणि कूलरला पाणी.

मी डबा घेऊन संगणकांच्या खोलीत गेले, तेव्हा आजोबा कूलरमध्ये बादली ओतणार होते. वसतिगृहातली एक मुलगी घागर घेऊन दारात उभी होती.

"सर, कूलरला पाजता व्हय? आमच्याकडं सकाळपासून प्यायला नाय."

"तुमच्या गावांसाठीच चाललंय, बाळ."

"गावात कोण हाय आता? सगळे इकडं शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला आलेत."

आजोबांनी बादली तिच्या घागरीत रिकामी केली.

कूलर कोरडा पडला, तशी यंत्रं तापून बंद पडू लागली. एक यंत्र बंद पडलं की प्रोग्रॅम त्याचा तुकडा दुसऱ्याला देई. संध्याकाळपर्यंत द्यायला दुसरं यंत्र उरलं नाही. पाण्याअभावी बाकीची कॉलेजंही बंद झाली होती. आजोबांचा हट्ट सुटला, म्हणून तेव्हा मला बरं वाटलं. आज कळतं, त्यांची उमेदच सुटली होती. त्यांनी पुन्हा ते गणित लावलं नाही.

त्या खोलीत आता फीची खिडकी आहे. भिंतीतल्या केबल तेवढ्या अजून आहेत. त्यांना काही जोडलेलं नाही.