भिंतीबाहेरचा बाप

रेजिना परेरा आणि सेलीन जुईनगरच्या एका सोसायटीत समोरासमोर राहतात. गेल्या ऑगस्टमध्ये सेलीनचा नवरा ऑस्कर गेला. वर्षभर डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, शेवटी त्याने जीव दिला. रेजिनाबाईंनीच सेलीनला धरून बसवलं, चहा पाजला. पण डोक्यात एकच चाललं होतं. जीव दिलेल्या माणसाला फादर आता मिस्सा, म्हणजे चर्चमधली अंत्यप्रार्थना, नाकारणार. आणि त्या विचाराने त्यांना बरंही वाटत होतं.

फादरांनी नाकारली नाही. शवपेटी वेदीसमोर ठेवली, धूप दिला, गाणी झाली. प्रवचनात फादर म्हणाले, "ऑस्कर आजारी होता. आजारी माणसाला देव दारातून परत पाठवत नाही." सेलीन हुंदके देऊन रडली. रेजिनाबाईंना तिच्या त्या रडण्याचाही हेवा वाटला.

रेजिनाबाईंचे वडील इनास उरणकडच्या मिठागरात कामाला होते. १९७१ साली त्यांनीही असाच जीव दिला. रेजिना तेव्हा दहा वर्षांची. गावातल्या फादरांनी देऊळ, म्हणजे चर्च, उघडलं नाही. दफनभूमीच्या भिंतीबाहेर चौघांनी खड्डा खणून पुरलं. तिने वडलांविषयी विचारलं की आय म्हणायची, "त्याचं नाव काढू नको. देवाच्या घरात त्याला जागा नाय."

आठवड्याने रेजिनाबाई फादरांकडे गेल्या. "फादर, नियम कधी बदलला?"

"चाळीस वर्षं होऊन गेली, बाई."

"मग आमच्या घरी येऊन कुणी सांगितलं का नाही? माझी आय नरकाच्या भीतीने मेली."

फादरांनी मिस्सांची वही पुढे ओढली. मग म्हणाले, "चुकलंच आमचं. वडलांचं नाव सांगा. रविवारची मिस्सा त्यांच्यासाठी करतो."

रविवारी मिस्सेत वाचलेल्या सात मृतांच्या नावांत इनासचं नाव चौथं आलं. वाचून झालं आणि फादर पाचव्यावर गेले. शेजारी बसलेल्या सेलीनने मायेने त्यांचा हात धरला. रेजिनाबाईंनी तो सोडवून घेतला.

बाहेर आल्यावर त्या बोलून गेल्या, "सेलीन, मला तुझा हेवा वाटतो."

"माझा? अगं, माझा नवरा गेलाय!"

"माहितेय. तरी वाटतो. त्याला अख्खी मिस्सा मिळाली. लोक आले. तुला रडता आलं."

सेलीन एकटीच रिक्षात बसली. पंधरा दिवस तिचं दार बंदच होतं. मग एका सकाळी तिने बेल वाजवली. "तुझ्या बाबांना कुठे पुरलंय? चल, जाऊ."

गावच्या दफनभूमीच्या भिंतीबाहेर आता कंटेनरचे ट्रक उभे राहतात. नेमकी जागा रेजिनाबाईंना सापडेना. सेलीनने अंदाजानेच एका ठिकाणी मेणबत्ती लावली आणि मोठ्याने प्रार्थना म्हटली. रेजिनाबाई तिच्यामागून शब्द म्हणत राहिल्या. परत येताना ऑस्करच्या कबरीसाठी कोणता दगड घ्यावा, असं सेलीनने विचारलं. रेजिनाबाईंना पुन्हा हेवा वाटला. तरी त्या म्हणाल्या, "पांढरा घे. नाव ठळक दिसतं."