दादाच्या शमादानाची जोडी

दादाला जाऊन सव्वा महिना झाला. माणसं अजून बसायला येतात. दादाविषयी बोलायला म्हणून तोंड उघडतात आणि त्याच्या शमादानांवर घसरतात. एकाचा किस्सा संपला की दुसऱ्याला आठवतो. माझी शाळा दुसरीतच सुटली, तरी लिहायला बसलोय. यातलं काही विसरलो तर, अशी धास्ती वाटते.

शमादान म्हणजे मेणबत्ती लावायची उभी बैठक. दादाची सगळी काचेची. उजेडात फिरवली की पारव्याच्या मानेसारखे रंग पळतात, हिरवा, जांभळा, तांबूस. साहेब लोकांनी विलायतेहून आणलेली, जुनी. आमच्या राजुरीत, शेतकऱ्याच्या घरात, हे वेड कुठून शिरलं देव जाणे! सात शमादानं होती. एकातही कधी मेणबत्ती लागली नाही.

*

पहिलं शमादान पुण्याच्या कॅम्पात लिलावात मिळालं. दादाने ते धडुत्यात गुंडाळलं आणि टांग्यात मांडीवर घेऊन बसला. शेजारच्या बाईला कौतुक वाटलं.

"किती म्हयन्याचं हाय वो लेकरू?"

दादाचं सगळं लक्ष रस्त्यातल्या खड्ड्यांकडे. "शंभर वर्सांचं!"

"आन् आई?"

"विलायतेत."

पुढच्या मुक्कामाला बाई उतरली ती मागच्या टांग्यात जाऊन बसली!

*

असंच वेड नारायणगावच्या केसरचंद शेठना. कापडाचं दुकान, आणि माडीवर नऊ शमादानं. एकदा दादा ती बघायला गेला तर शेठ दारातच आडवे.

"दादा, शिंक येणार असंल तर आधी सांगा."

"शिंक काय सांगून येते व्हय, शेठ?"

"मग तुमी खिडकीतनं बघा."

दादाने अख्खी दुपार गॅलरीत उभं राहून खिडकीतून पाहिलं. घरी येऊन म्हणाला, "माणूस लई भला. आपण बी असंच करायचं!" त्या दिवसापासून मला घरात शिंकायची चोरी झाली.

*

आता माझाच किस्सा. बैलाला वैरण टाकून धावत घरात आलो, कोपर लागलं, आणि एक शमादान खाली. आवाज अजून कानात आहे.

दादाने एकेक काच वेचली. म्हणाला, "शेठला कार्ड लिव्ह." पण लिहायचं कसं? काच 'फुटली' असं आमच्याकडे म्हणत नाहीत, अभद्र. बांगडीसुद्धा 'वाढली' म्हणायची. वहिनी चुलीपुढून ओरडली, "त्यो शब्द लिव्हू नगा हां भावजी!" मग मी लिहिलं, "दादाचे एक शमादान वाढले."

तिसऱ्या दिवशी शेठ हजर! हातात पेढे. "कुठाय नवीन? दावा की!"

दादाने सूप पुढे केलं. सुपात काचा.

शेठ मटकन बसले. "वाढती ती बांगडी, राव! शमादान कुठं वाढतंय?"

"वाढलं की," दादा म्हणाला. "एकाची बावीस झाली. मोजा!"

पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

*

पुढे मी दादाचं सगळ्यात लाडकं, उंच शमादान धडकवलं. पडलं नाही, पण तडा गेला असेल तर? माझं अन्नपाणी सुटलं. दादाने जुन्नरहून रामा कासाराला बोलावलं. बांगड्या भरण्यात त्याचा जन्म गेलेला. नखाने वाजवून तो काचेतला केसाएवढा तडाही ओळखायचा.

त्याने डोळे मिटले, कान लावला, टिचकी मारली. परत मारली. घरात कुणी श्वास घेईना.

"काय म्हणतंय?" दादाने विचारलं.

"काय न्हाई. ह्या धाकल्याचं काळीज लई वाजतंय. आधी त्येला भाईर न्या, मंग मला काचंचं ऐकू द्या!"

तडा नव्हता.

*

त्या उंच शमादानाची जोडी, म्हणजे अगदी तसंच दुसरं, डोंगरात आहुप्याला होती. कुणा शिकारी साहेबाने नवस फेडायला तिथल्या देवराईत देवापुढे ठेवलेली. दादा तीनदा तिथे गेला. तिन्ही वेळा म्हातारा भगत म्हणाला, "राईतली वाळली काटकी बी भाईर जात न्हाई, पावणं. ह्ये तर देवाचं."

तापात दादा एकच बोलत होता. "जोडी लाव रे." शेवटचंही तेच.

तेराव्याला मी कुऱ्हाड घेऊन निघालो. म्हटलं, जोडी आणतोच, बघतो कोण अडवतंय! केसरचंद शेठ आडवे आले, पण वहिनीने फक्त विचारलं, "ते येत न्हाई, तर ह्ये जात न्हाई व्हय?"

उंच शमादान तिने स्वतःच्या लुगड्यात बांधून माझ्या हातात दिलं. माझ्या हातात! कुऱ्हाड दाराशीच ठेवली. घोडेगावापर्यंत गाडीत झोपलो नाही. पुढे डोंगरात पायी, प्रत्येक दगडावर पाय चाचपून. घटकेला एकदा गाठोडं कानाशी धरून हलवत होतो. आत काही वाजत तर नाही?

राईच्या तोंडाशी भगत बसला होता. त्याने गाठोडं पाहिलं, मग माझ्याकडे.

"धाकलं का तुमी? दादा कुठं हायती?"

तो एक शब्द मला अजून बोलता येत नाही. मी म्हणालो, "दादा पुढं गेला."

भगताने मान वळवून राईत पाहिलं.

"मंग आत असत्याल," तो म्हणाला. "जावा. वहाणा हितंच काढा."

मी वहाणा काढल्या.