नत्थुजीनं लॉरीले आवतन देल्लं

अंजनगाव सुर्जीत नत्थुजीला कोणी ड्रायवर म्हणत नसे. धुरकरीच म्हणत. बंडीच्या धुरीवर बसून, बैल हाकत त्याची चाळिशी उलटली, आणि मग पार्बताबाईनं त्याला उचलून लॉरीच्या गादीवर बसवला. गादी बदलली, बैठक काही मोडली नाही. एक पाय खाली, एक पाय मांडीखाली दुमडलेला. तो दुमडलेला पाय ब्रेकसाठी लागतो, हे त्याला ब्रेक दाबायची वेळ आली की आठवे. पाय सुटेपर्यंत तो तोंडानं काम भागवी, "हो हो हो हो, थांब बापा, थांब!" चढ लागला की जिभेनं टकटक करी आणि हात मागं नेऊन शेपटी शोधी. सापडत नसे. पण लॉरी चढे.

पार्बताबाई म्हणजे गावातली नामी पानमळेवाली. विड्याच्या पानाचा धंदा मोठा नाजूक. पान वेलीवरून खुडलं की कोमेजायला सुरुवात. बंडीनं आमरावतीला माल पोचेस्तोवर करंडीतलं वरचं पान हिरवंगार आणि खालचं म्हाताऱ्याच्या कानासारखं. म्हणून सन छत्तीस-सदतीसच्या सुमारास बाईनं अकोल्याच्या एका कापसाच्या जिनातली सरकी वाहणारी जुनी लॉरी घेतली. समोर पितळी नाक, वर लाकडी टप, दाराबाहेर रबरी पोंगा, आणि हँडल मारलं की आधी खोकणार, मग शिंकणार, मग सुरू होणार. बैलजोडी बाईनं लेकीच्या, शालूच्या सासरी धाडून दिली. नत्थुजी दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या एका मिस्त्रीकडं जाऊन लॉरी हाकायला शिकून आला. शिकवून झाल्यावर मिस्त्री म्हणे दोन दिवस जेवला नाही.

आता पोळा आला. आणि नत्थुजीच्या गोठ्यात बैल नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वऱ्हाडात बैलाचे खांदे शेकतात. पळसाच्या पानानं तूप-हळद खांद्याला लावायची आणि कानात सांगायचं : आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. एकदा आवतन दिलं की तो बैल पाहुणा. पोळा फुटेपर्यंत, म्हणजे सणाच्या संध्याकाळी तोरण तुटून बैल सुटेपर्यंत, त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, पाठीवर वझं टाकायचं नाही. टाकलं तर पाहुण्याला जेवायला बोलावून दळण दळायला बसवल्यासारखं.

त्या संध्याकाळी नत्थुजी बराच वेळ रिकाम्या गव्हाणीपाशी उभा राहिला. मग वळला, घरातून तुपाची वाटी घेतली, आणि लॉरीचे दोन्ही मडगार्ड शेकून काढले.

त्याची बायको कौशल्या दारातून पाहत होती. "काय करून राहिले वो तुमी?"

"खांदे शेकून राहिलो."

"थे खांदे हायेत?"

"मंग काय ढोपरं हायेत?"

"अन् आवतन कोन्त्या कानात देता?"

नत्थुजीनं जरा विचार केला. लॉरीभोवती एक फेरी मारली. मग रबरी पोंग्याला तोंड लावून, डोळे मिटून, आवतन देऊन टाकलं. पोंग्यातून आतल्या आत 'पँ' असा बारीक आवाज आला. नत्थुजीचे डोळे भरले. "आयकलं त्यानं," तो म्हणाला. कौशल्या हसता हसता उंबरठ्यावरच बसली.

पहाटे पार्बताबाई करंड्या घेऊन हजर. त्या दिवसाच्या खेपेवर तिचं सगळं वर्ष टांगलेलं होतं. आमरावतीचे पानबाजारवाले महादेवराव तिला बोलले होते, "बाई, पोळ्याच्या संध्याकाळी आख्खी आमरावती पुरणपोळी खाऊन विडा मागते. पोळा फुटायच्या आत ताजं पान माझ्याजवळ पोचलं, तर वर्षभर माझ्या दुकानात दुसऱ्याचं पान नाही. नाही पोचलं, तर आपलं रेल्वेनं येणारं पान बरं."

आणि इथं नत्थुजी शाहानूर नदीवर लॉरी धुऊन, बंपरला घुंगरमाळ बांधून, समोर हात जोडून बसलेला.

"भर करंड्या," बाई म्हणाली.

"नाई भरत."

"काहून?"

"आवतन देल्लं."

"कोनाले?"

नत्थुजीनं नुसती मान लॉरीकडं केली. पार्बताबाईनं हातातली करंडी खाली ठेवली, पदर खोचला, आणि बोलली ते सगळं इथं लिहिता येत नाही. त्यातलं सगळ्यात सोवळं वाक्य असं होतं : "अरे बह्याडा, थे लोखंड हाय!"

"लोखंड तं नांगराचा फाळबी हाय बाई. दसऱ्याले तुमी त्याची पूजा करता का नाई?"

"करतो. दुसऱ्या दिवशी जुपतो नं पन!"

"तं मीबी दुसऱ्या दिवशीच जुपतो."

"उद्या पान काय बकरीले घालू?"

"बाई," नत्थुजी हात जोडून म्हणाला, "तुमी म्हनान तं मी सोता करंड्या डोईवर घेऊन आमरावतीले पायी जातो. पन जेवाले बलावलं त्याच्या पाठीवर वझं नाई टाकत. माह्या बापानं नाई टाकलं."

बाईनं खोचलेला पदर सोडला. कारण तिच्याही बापानं टाकलं नव्हतं. दुसरा कोणी लॉरी हाकणारा गावात नव्हता, बंडीनं पोचणं शक्य नव्हतं, आणि ऊन वर येत होतं. ती लॉरीभोवती फिरली. घुंगरमाळ पाहिली. टपावर नत्थुजीनं कौशल्याचं लुगडं झूल म्हणून पसरलं होतं, ते पाहिलं. आणि तिथंच थांबली.

"नत्थू, ही झूल वझं हाय का?"

"नाई. साज हाय."

"घुंगरं?"

"साज."

"शिंगाचं बेगड, गळ्यातल्या माळा?"

"आता साज तं साजच असते नं बाई, वझं कसं होईन?"

"अन् सजलेला बैल तोरनाखाली उभा रायाले चालत जाते का त्याले उचलून नेता?"

"चालत जाते."

"कोन्त्या तोरनाखाली जायाचं थे शास्त्रात लिवलं हाय?"

नत्थुजीला बाईच्या बोलण्यात लांबून काहीतरी येताना दिसू लागलं, पण काय ते कळेना. "नसन लिवलं," तो सावधपणे म्हणाला.

"मंग माही लॉरी आज आमरावतीच्या पोळ्यात उभी राते! अन् तिले मी पानाचा साज करून राहिली! कौशल्ये, सुतळी आन वं!"

मग जे झालं ते अंजनगावानं आधी पाहिलं नव्हतं. करंड्या रिकाम्या झाल्या. पानांच्या जुड्या सुतळीत ओवून माळा झाल्या. माळा टपावरून, दारावरून, चाकांच्या वरून, पितळी नाकाभोवती. टपाच्या आत माळांचे पडदे, पडद्यांत पडदे. एकही पान करंडीत नाही, सगळी अंगावर. नत्थुजी प्रत्येक माळेला विचारत होता, "हे साजच नं?" आणि कौशल्या सांगत होती, "साज वो साज, आता हाकता का तुमालेबी सजवू?"

लॉरी खोकली, शिंकली, निघाली.

परतवाड्याच्या सडकेला लागली तेव्हा ती लॉरी नव्हती. पानमळाच हिंडायला निघाला होता. मागं टपात पार्बताबाई आणि कौशल्या पानांत गळ्यापर्यंत बुडालेल्या, दोघी तांब्यातून पाणी शिंपडताहेत आणि दर खड्ड्याला किंचाळताहेत. पुढं नत्थुजी नवा फेटा बांधून, पाय दुमडून, ऐटीत. नदीवर बैल धूत असलेली माणसं काठावर येऊन हात हलवत होती. आसेगावजवळ एक आंघोळ घातलेली जोडी हा हिरवा बैल पाहून अशी बुजली की मालक दोरासकट नाल्यात. चिखलातून डोकं वर काढून तो ओरडला, "कोन्त्या गावचा बे हा?"

"सुर्जीचा!" नत्थुजी ओरडला. "गरीब हाय, मारत नाई!"

सूर्य कलायच्या आत आमरावती. महादेवराव दुकानासमोर वाट पाहत उभे. हिरवा डोंगर पोंगा वाजवत आला आणि "हो हो हो हो" करत नेमका त्यांच्या पायरीपाशी थांबला, तेव्हा ते हरखून म्हणाले, "वा बाई! उतरवा, उतरवा!"

"साज उतरत नसते शेठ," नत्थुजी म्हणाला. "पोळा फुटल्यावर."

महादेवराव नाटकातल्यासारखे दोन पावलं मागं गेले. "अरे, पोळा फुटायच्या आत पान दुकानात पाहिजे असं ठरलं आहे!"

"दुकानात नाई ठरलं," पार्बताबाई पानांतून डोकं काढून म्हणाली. "तुमच्याजवळ पोचावं असं बोलले तुमी. पोचलं. आता तुमी दुकान घेऊन पोळ्यात चला."

"दुकान घेऊन?"

"चुना, कात, सुपारी, अडकित्ता. इतकंच तं हाय तुमचं दुकान. पान इथं हाय."

महादेवराव चिडले, हसले, परत चिडले. तेवढ्यात त्यांची बायको रमाबाई ओवाळायला तबक घेऊन बाहेर आली. बैल सजून दारी आलेला, मग ओवाळायला नको? तिनं पितळी नाकाला कुंकू लावलं आणि पुरणपोळी हातात घेऊन विचारलं, "ह्याचं तोंड कुठं?" नत्थुजीनं पाण्याची टाकी दाखवली, मग पेट्रोलची, मग डोकं खाजवलं, आणि शेवटी पोळी आपणच खाऊन टाकली. "धुरकऱ्यानं खाल्लं का बैलाले पोचते," तो म्हणाला. रमाबाई इतकी हसली की महादेवरावांना अडकित्ता शोधण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

पोळ्याच्या मैदानात आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्यांची रांग लागलेली. लॉरी शेवटच्या जागी उभी राहिली. शेजारच्या जोडीवाल्यानं वरखाली पाहिलं. "याची जोडी कुठं हाय?"

"एकटाच हाय," नत्थुजी म्हणाला. "पन खाते दोघाचं."

रांगेत झडत्या, म्हणजे पोळ्यातली थट्टेची कवनं, म्हणणारा एक म्हातारा कमरेवर हात ठेवून पुढं आला, आणि त्यानं तिथल्या तिथं रचून फेकली :

"चार पाय गोल गोल, शेन नाई मूत,
पुढून पाहो नंदी, मागून पाहो भूत!
हर हर महादेव!"

आख्खं मैदान फुटलं. आणि त्या हसण्यातच तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल उधळले, वाजंत्री सुटली. नत्थुजीनं लॉरीच्या नाकावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता उतरवा."

उतरवायला सवड कोणाला? माळा खुडत होती पार्बताबाई, चुना-कात लावत होते महादेवराव, सुपारी कातरत होती कौशल्या. घरोघर पोळी खाऊन माणसं मैदानाकडंच परतत होती, कारण विडा तिथं होता आणि बैल म्हणून उभी असलेली लॉरीही. दिवे लागले तेव्हा लॉरीच्या अंगावर एक पान उरलं नव्हतं. नुसती सुतळी.

महादेवरावांची बोटं कातानं लाल झाली होती. कपाळही. "बाई," ते म्हणाले, "वर्षभराचं तुमचं पक्कं. दुसऱ्याचं पान माझ्या दुकानात आलं तर मला सांगा. उद्या दुपारपर्यंत दुसरी खेप आणाल?"

पार्बताबाईनं नत्थुजीकडं पाहिलं. "काय रे, जुपतं का उद्या?"

नत्थुजी लॉरीच्या पायरीवर फेटा सोडून बसला होता, तोंडात विडा. त्यानं लाल पिंक टाकली, तोंड पुसलं.

"जुपतो नं बाई. काहून नाई जुपत? आता काय थो पाहुना हाय?"